मदत करताना आपल्याला नेमकं काय हवं असतं?

पाऊलवाट

जय ख्रिस्त. आमच्या वचन-अभ्यासाच्या गटात सध्या डोंगरावरील प्रवचन चालू आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायापाशी आलो आणि गाडी अडली. दानधर्म करताना कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. पण लगेच पुढे येशू म्हणतो की गुप्तपणे पाहणारा तुझा पिता तुला त्याचं फळ देईल. त्यावर गटातल्या एका तरुणाने विचारलं, "मग फरक काय राहिला? परुशी, म्हणजे दाखवण्यासाठी धर्म पाळणारा, माणसांकडून वसूल करतो, आपण देवाकडून. दोघंही घेणेकरीच."

कोणालाच चटकन उत्तर देता आलं नाही. पाळकांनी विषय पुढे नेला, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

येशू प्रतिफळाची भाषा टाळत नाही, हे आधी मान्य करायला हवं. लूक १४ मध्ये तो सांगतो की मेजवानी देशील तेव्हा मित्र, भाऊ, धनवान शेजारी यांना बोलावू नकोस. ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, त्यांच्यापाशी फेडायला काही नाही. आणि तिथे न थांबता तो म्हणतो की नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी तुझी फेड होईल.

दुसरीकडे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की सगळं धन अन्नदानाला दिलं, शरीरही देऊन टाकलं, पण प्रीती नसेल तर काही लाभ नाही. म्हणजे बाहेरून त्यागाची परिसीमा दिसणारं काम आतून पोकळ असू शकतं. आणि हाच पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना कळवतो की काही जण हेव्यापोटी, माझं दुःख वाढावं म्हणून ख्रिस्ताची घोषणा करताहेत. तरी हरकत नाही, घोषणा तर होते आहे ना, मला त्यात आनंदच आहे!

मला सगळ्यात जास्त अडवणारी जागा ईयोबाच्या पहिल्या अध्यायात आहे. ईयोब हा नीतिमान, सुखवस्तू माणूस. तो देवाचं भय काय फुकट बाळगतो, असं सैतान विचारतो. प्रत्येक चांगुलपणामागे स्वार्थच असणार, ही शंका पवित्र शास्त्रात सैतानाच्या तोंडी आहे. आणि देव ती शंका उडवून लावत नाही, ईयोबाच्या आयुष्यात तिचा निकाल लागू देतो.

माझं मत सांगते. हेतू तपासायला मनात डोकावून फारसं काही हाती लागत नाही. हृदय सर्वात कपटी आहे असं यिर्मया म्हणतो. जे मन तपासायचं तेच साक्ष देणार, मग निकाल काय लागणार? हेतू बाहेर पडतो तो ठरावीक प्रसंगी. आभार मानले गेले नाहीत तेव्हा. श्रेय दुसऱ्याला गेलं तेव्हा. आणि ज्याला आपण हात दिला तो आपल्याशिवाय उभा राहू लागला तेव्हा. तुमचा अनुभव आणि वाचन काय सांगतं?

कंदील

चांगला विषय. माझ्या मते त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर प्रतिफळात शोधण्याआधी तारणात शोधायला हवं.

मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाने १५१७ साली जे पंच्याण्णव सिद्धांत मांडले, त्यातला त्रेचाळिसावा असा आहे की पापदंडाची माफीपत्रं विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणारा आणि गरजवंताला उसनं देणारा अधिक चांगलं काम करतो. नीट पाहा, माफीपत्र घेणारा माणूसही पैसे देतच होता, पण स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या आत्म्यासाठी. तीन वर्षांनी, १५२० मध्ये, ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल लिहिताना त्याने हा विचार पुढे नेला. तारण कृपेने, विश्वासाद्वारे मिळून गेलेलं आहे. मला माझ्या कामांनी देवाकडून काही मिळवायचं उरलेलं नाही. मग ती कामं कोणासाठी? सगळीच्या सगळी शेजाऱ्यासाठी मोकळी झाली.

ज्याला स्वर्ग कमवायचा आहे त्याला गरीब माणूस लागतो, पायरी म्हणून. ज्याला स्वर्ग मिळालेला आहे त्यालाच गरीब माणूस माणूस म्हणून दिसू शकतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला क्रम पाहा: आधी कृपा (वचन ८), मग "कर्मे केल्याने नाही" (९), आणि त्यानंतर सत्कृत्यं (१०). हा क्रम उलटा केला की दानधर्माचा व्यवहार होतो.

निळाई

मी ख्रिस्ती घरात वाढले, हल्ली उपासनेला जात नाही. तरी धागा मनापासून वाचला, म्हणून माझी अडचण स्पष्ट लिहिते.

थॉमस हॉब्ज या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्ववेत्त्याची एक हकीकत त्याच्या चरित्रकाराने, जॉन ऑब्रीने, नोंदवलेली आहे. हॉब्जने एका म्हाताऱ्या, दुबळ्या भिकाऱ्याला पैसे दिले. शेजारी उभ्या असलेल्या एका धर्मोपदेशकाने विचारलं की ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज हो म्हणाला. का, तर त्या माणसाची दशा बघून मलाच यातना होत होत्या. त्याला आराम पडला, मलाही पडला.

मला हे प्रामाणिक वाटतं. कृपेने मोकळं होऊन मदत करा किंवा स्वर्गासाठी करा, मदत करून बरं वाटतंच, आणि नाही केली तर टोचणी लागते. मग निःस्वार्थ म्हणजे नक्की काय? कंदील यांचं म्हणणं मान्य केलं तरी तारण मिळालेला माणूस त्या आनंदापोटीच मदत करतो ना?

मनन

निळाई, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्याचं दुःख बघून मला त्रास होतो, हे खरं. पण माझा त्रास संपवायला दोन वाटा असतात. एक, त्याचं दुःख दूर करायचं. दुसरी, तोंड फिरवायचं. दुसरी वाट बहुतेक वेळा स्वस्त आणि सोपी असते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला एक परका शोमरोनी मदत करतो, पण त्याच्या आधी आलेले याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) याच वाटेने गेले. लूक दोघांबद्दलही सांगतो की ते "दुसऱ्या बाजूने" गेले. स्वतःचा त्रासच कमी करायचा होता तर त्यांचं काम झालं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांनी नेमका हाच धागा पकडून वर्षानुवर्षं प्रयोग केले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एक तरुणी विजेचे धक्के सोसताना दाखवली. तो अभिनय होता, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. काहींना थोडं बघून निघून जायची मुभा होती, काहींना शेवटपर्यंत बघावं लागणार होतं. मग विचारलं, तिच्या जागी तुम्ही बसाल का? ज्यांच्या मनात तिच्याबद्दल कळवळा कमी होता, त्यांच्यापैकी बरेच जण निघायची मुभा असली की मदतीला पुढे येत नव्हते. ज्यांच्या मनात कळवळा दाटला होता, ते सहज निघून जाता येत असतानाही बहुतेक वेळा तिच्या जागी बसायला तयार झाले. बॅट्सन यांचा निष्कर्ष असा की कळवळ्यातून येणाऱ्या मदतीचा रोख खरोखर समोरच्याकडे असतो. त्यावर वाद झाले, अजून होतात, पण "सगळं स्वतःच्या आरामासाठीच" हे म्हणणं तितकं सरळ उरलं नाही.

बरं वाटणं हा परिणाम आहे. परिणाम सोबत येतो म्हणून तोच हेतू होता असं ठरत नाही. आणि मुळात बरं का वाटतं? त्या माणसाचं भलं व्हावं असं आधीपासून मनात असल्याशिवाय, त्याचं भलं झाल्यावर मला आनंद कसा होईल?

आता याच बॅट्सन यांचा दुसरा अभ्यास, जो आपल्यासारख्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांनी तर वाचायलाच हवा. १९७३ मध्ये त्यांनी आणि जॉन डार्ली यांनी प्रिन्स्टन इथल्या धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषयच चांगला शोमरोनी हा होता. वाटेत एक माणूस दारापाशी कोसळल्यासारखा बसलेला, खोकतोय, कण्हतोय. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि उशीर झालाय असं सांगून पाठवलेल्यांपैकी फक्त १० टक्के. शोमरोन्यावर बोलायचं होतं की दुसऱ्या कशावर, यामुळे फारसा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले.

ही मुलं स्वार्थी होती असं मी म्हणणार नाही. वेळेवर पोहोचावं, आपल्यावर सोपवलेलं काम नीट व्हावं, हेच त्यांच्या मनात होतं. पण आपण हेतू शुद्ध की अशुद्ध यावर रात्र रात्र जागवतो, आणि समोरचा माणूस दिसणार की नाही हे आपल्या घड्याळावर ठरतं. मला वाटतं आत्मपरीक्षणात हा प्रश्नही धरायला हवा.

रुथ_घरची

मी सहसा फक्त वाचते. पण इथे सगळे मदत करणाऱ्याच्या बाजूने लिहिताहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

माझे पती दीर्घ आजारात होते. त्या काळात मंडळीतली, नात्यातली, ओळखीची पुष्कळ माणसं घरी आली. त्या सगळ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि तरी एक गोष्ट सांगते. ज्याला मदत घ्यावी लागते त्याला हेतू कळतो. शब्द कितीही गोड असोत, कळतो.

एक कुटुंब नियमित यायचं. येताना हातात काही ना काही असायचं. निघताना प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेनंतर पलंगाजवळ उभं राहून फोटो. ते आजारी माणूस, चेहरा सुजलेला, त्यांना फोटो नको असायचा. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण आम्ही घेणारे होतो. पुढे उपासनेत त्यांनी साक्ष दिली तेव्हा आमचं नाव घेऊन सगळी हकीकत सांगितली, आमच्या घरात पैशांची किती ओढाताण आहे तेसुद्धा. लोकांनी "आमेन" म्हटलं. माझी मुलगी शेजारी बसली होती. तिने त्यानंतर बरेच दिवस उपासनेला यायला नकार दिला.

दुसरी एक बाई. फारशी ओळख नव्हती. ती आली, कसं काय चाललंय विचारलं, आणि कोपऱ्यातल्या पिशवीकडे तिचं लक्ष गेलं. त्यात रुग्णालयाचे सगळे कागद कोंबलेले होते: बिलं, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या. ती जमिनीवर बसली आणि एकेक कागद तारखेप्रमाणे लावू लागली. बिलं वेगळी, अहवाल वेगळे, विम्याला लागणारे कागद वेगळे. प्रत्येक गठ्ठ्यावर पहिला कागद कोणता आणि का, ते मला दाखवलं. मग म्हणाली, "आता असंच लावत जा ताई, म्हणजे तुम्हाला कोणावर अवलंबून राहावं लागणार नाही." तिने प्रार्थना केली का ते मला आठवत नाही. केली असेल.

पाऊलवाट यांनी शेवटी जे लिहिलंय, आपल्याशिवाय उभा राहू लागला तेव्हा हेतू कळतो, ते अगदी खरं आहे. पती गेल्यानंतर मी काम धरलं, हळूहळू सावरले. त्या पहिल्या कुटुंबाला मी एकदा सांगितलं की आता आमचं भागतं, तुम्ही दुसऱ्या कोणाला द्या. ते दुखावले. बोलणं कमी झालं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल.

पाऊलवाट

रुथताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमच्या मुलीसाठी प्रार्थना.

तुमचं वाचताना योहानाच्या बाराव्या अध्यायातली बेथानीची गोष्ट समोर आली. मरिया येशूच्या पायांना जटामांसीचं सुगंधी तेल लावते आणि येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत म्हणतो की हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई. सूचना ऐकायला किती रास्त! पण योहान सांगतो की त्याला गरिबांची कळकळ नव्हती; पैशांची डबी त्याच्याकडे असायची आणि तो त्यातलं घ्यायचा. गरिबांचं नाव घेऊन बोलणारा प्रत्येक जण गरिबांसाठीच बोलत असतो असं नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतल्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याचंही तेच. त्यांनी जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सगळे दिल्याचं भासवलं. पेत्र हनन्याला स्पष्ट म्हणतो की ती जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. अर्धे दिले असते आणि अर्धेच सांगितले असते तर काही बिघडलं नसतं. त्यांना बर्णबासारखं दिसायचं होतं. त्याने नुकतंच शेत विकून सगळे पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले होते. देण्यापेक्षा देणारा म्हणून ओळखलं जाणं त्यांना हवं होतं.

तळटीप

त्या तरुणाच्या प्रश्नावर मंडळीच्या इतिहासात भांडण झालेलं आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे, त्याची आठवण करून देतो.

बाराव्या शतकातल्या क्लेअरव्हॉच्या बर्नार्डने प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणूस आधी स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो. मग स्वतःच्या गरजेपोटी देवावर. मग देवासाठी देवावर. आणि शेवटची पायरी, जी या देहात क्वचितच आणि क्षणभर लाभते, ती देवासाठी स्वतःवर प्रेम करण्याची. मला यातली दुसरी पायरी मोलाची वाटते. गरजेपोटी देवाकडे येणाऱ्याला बर्नार्ड हाकलून देत नाही. सुरुवात तिथूनच होते असं तो धरून चालतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फेनेलों या आर्चबिशपने मांडलं की परिपूर्ण प्रीतीत प्रतिफळाची आशा आणि शिक्षेची भीती या दोन्हींना जागाच उरत नाही. आत्मा स्वतःच्या तारणाबद्दलही स्वार्थाने विचार करत नाही. बोस्युए या दुसऱ्या बिशपने कडाडून विरोध केला. वाद रोमपर्यंत गेला आणि १६९९ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी फेनेलोंच्या लिखाणातली तेवीस विधानं दोषी ठरवली. फेनेलोंनी निर्णय मान्य केला.

माझी सहानुभूती फेनेलोंच्या बाजूला आहे, पण निर्णय योग्य होता असंच वाटतं. आशा हा सद्गुण आहे. विश्वास, आशा, प्रीती ही तिन्ही टिकतात असं पौल म्हणतो. प्रीती श्रेष्ठ म्हणून आशेला रजा द्या असं म्हणत नाही. माणसाने स्वतःबद्दल काही इच्छाच धरू नये अशी अट घातली तर मदत करणारा स्वतःच्या निरिच्छपणाकडेच टक लावून बसेल. तोही स्वतःकडे पाहण्याचाच प्रकार झाला.

मेंढवाडा

मी एका लहान मंडळीचा पाळक आहे आणि सेवाकार्याची जबाबदारीही माझ्याकडे आहे. दोन व्यावहारिक गोष्टी मांडतो.

पहिली फोटोंची. रुथताईंचं वाचून मान खाली गेली, कारण हे सर्वत्र चालतं. पण एक अडचणही समजून घ्या. देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो. पैसा कुठे गेला हे दाखवणं हा प्रामाणिकपणाचा भाग आहे; पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पोहोचवताना मंडळ्यांनी निवडलेला एक जण सोबत घेतला होता, कोणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८). आणि येशूनेच मत्तय पाचमध्ये म्हटलंय की लोकांनी तुमची सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. म्हणून आमच्याकडे आम्ही असं ठरवलंय: पावत्या, रकमा, वस्तूंच्या याद्या दाखवायच्या, माणसांचे चेहरे आणि नावं दाखवायची नाहीत. देणाऱ्यांची नावंही वाचून दाखवायची नाहीत. याने काही देणगीदार कमी झाले. हे नुकसान सोसावं असं मंडळीने एकमताने ठरवलं, याचा मला आनंद आहे.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. मदत करताना समोरच्याने ख्रिस्ताकडे यावं ही इच्छा स्वार्थ आहे का? माझ्या मते इच्छा स्वार्थ नाही, अट स्वार्थ आहे. मी रोज प्रार्थना करतो की लोकांनी प्रभूला ओळखावं. पण उपासनेला आलात तर औषध, नाही आलात तर नाही, असं झालं की ती मदत उरत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हेच निःसंदिग्धपणे मांडलं की प्रीती मोफत असते, ती दुसरं काही साधण्यासाठी आचरली जात नाही. मी प्रोटेस्टंट आहे, तरी हे वाक्य आमच्या सेवकांना नेहमी सांगतो. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, एकच परत आला. "बाकीचे नऊ कोठे आहेत?" असं त्याने विचारलं, त्याला ते लागलं असणार. पण त्या नऊ जणांचं आरोग्य त्याने काढून घेतलं नाही.

आणि इतिहासातलं एक उदाहरण. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माच्या विरोधात होता. त्याने आपल्या एका पुरोहिताला पत्रात लिहिलं की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्याच नव्हे तर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमचे लोक मात्र आमच्याकडून काही मिळत नाही असं उघड पाहतात. मग त्याने प्रत्येक शहरात धर्मशाळा उभारायचा आणि धान्य वाटायचा हुकूम दिला. त्याचा हेतू उघडच चढाओढीचा होता. पण त्या धान्याने भूक भागलीच असती. हेतू खोटा असला म्हणून घेणाऱ्याच्या पोटातलं अन्न खोटं होत नाही, हेही आपण विसरू नये.

नवखी

सगळं वाचलं. माझा प्रश्न साधा आहे. मी आणि काही मैत्रिणी वृद्धाश्रमात आजींना भेटायला जातो. सुरुवातीला छान वाटायचं. आता काहीच वाटत नाही, उलट जायच्या आदल्या दिवशी जड होतं. तरी जाते, कारण शब्द दिलाय. प्रीती नसेल तर काही लाभ नाही असं पौल म्हणतो, मग माझं जाणं ढोंग आहे का?

मनन

नवखी, अजिबात नाही.

मत्तय २१ मध्ये दोन मुलांचा दाखला आहे. बापाने द्राक्षमळ्यात कामाला जा म्हटल्यावर एक म्हणतो "जात नाही" आणि नंतर पस्तावून जातो. दुसरा म्हणतो "जातो महाराज" आणि जात नाही. येशू विचारतो, बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केलं? जाताना पहिल्याच्या मनात उत्साह होता की नाही याची चौकशी होत नाही.

मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग थक्क झालं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत कोरडेपणा आणि अंधारच जाणवत होता. देव जवळ आहे असं वाटतच नव्हतं. आणि तेवढाच काळ त्या मरणाऱ्यांच्या उशाशी बसत होत्या. काही जणांनी याला ढोंग म्हटलं. मला तर तिथे ईयोबाच्या बाबतीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिसतं: फुकटच करत होत्या! बरं वाटण्याची मजुरीसुद्धा थांबली होती आणि काम चालू होतं.

पौलाची प्रीती त्याच अध्यायात पुढे कशी वर्णन केली आहे ते वाच. ती सहनशील आहे, परोपकारी आहे, हेवा करत नाही, स्वार्थ पाहत नाही, सर्व काही सहन करते. मन भरून येण्याबद्दल तिथे काही म्हटलेलं नाही. तू शब्द पाळून जातेस, आजींजवळ बसतेस, हे त्यात बसतं. एवढं मात्र कर, जड का होतं ते मैत्रिणींशी बोल. थकवा असेल तर पाळीपाळीने जा.

निळाई

मनन, प्रयोगांबद्दल वाचून माझं मत थोडं हललं. मदर तेरेसांचं उदाहरणही पटलं. पण पाऊलवाट, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. स्वर्गातल्या फळाचं काय? आशा सद्गुण आहे हे ठीक. पण मोबदला तो मोबदलाच ना?

पाऊलवाट

निळाई, बरोबर धरलंत. इतके प्रतिसाद वाचल्यावर मला जे दिसतं ते लिहिते.

ते फळ काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. काही मोबदल्यांचा कामाशी संबंध नसतो: पैशासाठी गायलं, पैसे घेतले, गाण्याशी देणंघेणं नाही. पण गाण्याची गोडी लागली म्हणून रियाज केला आणि गाणं गळ्यात उतरलं, तर तेही फळच, पण गाणं न आवडणाऱ्याला ते फळ वाटणारच नाही. मत्तय २५ मध्ये विश्वासू दासाला धनी म्हणतो की तू आपल्या धन्याच्या आनंदात सहभागी हो. आणि लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात हा आनंद कसला असतो ते दिसतं: हरवलेला परत आला याचा. सगळं उधळून परत आलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो.

म्हणून मला त्याचा थोरला भाऊ या सगळ्या चर्चेतला सर्वात महत्त्वाचा माणूस वाटू लागलाय. इतकी वर्षं चाकरी केली, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांबरोबर मौज करायला मला एक करडूसुद्धा दिलं नाही, असं तो बापाला सुनावतो. म्हणजे शेतातल्या प्रत्येक दिवसाचा हिशेब त्याने ठेवला होता. बाप स्वतः बाहेर येऊन म्हणतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. घरात वाद्यं वाजताहेत, मेजवानी चालू आहे, दार उघडं आहे. आणि त्याला आत जाववत नाही, कारण ती मेजवानी भावाच्या भल्याची आहे आणि भावाचं भलं त्याला नको आहे.

स्वार्थाने सेवा करणाऱ्याला देव फळ देत नाही असं मी म्हणत नाही. फळ पुढ्यात ठेवलं तरी त्याला ते खाता येत नाही. परुश्याला लोकांची वाहवा हवी होती, ती मिळाली, व्यवहार पुरा झाला, येशू म्हणतोच, "ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत." जो गुप्तपणे देतो त्याला पिता जे देतो ते मिळवण्यासाठी आधी दुसऱ्याच्या भल्यात आनंद वाटावा लागतो. मोबदल्याच्या लोभाने तिथवर जाताच येत नाही. त्या तरुणाला पुढच्या बैठकीत मी हे सांगणार आहे. त्याला पटेल की नाही ते बघू.

निळाई

हे मला नवीन आहे. लूक १५ पुन्हा वाचते.

कंदील

थोरल्या भावाबद्दल एक भर. बाप त्यालाही "बाळा" म्हणतो. हिशेब ठेवणाऱ्यालाही बाप समजवायला बाहेर आला. आमच्या मंडळीत वर्षानुवर्षं राबणारे आणि आतून कडवट झालेले सेवक आहेत. त्यांना "तुमचा हेतू चुकीचा" असं सांगणारे पुष्कळ असतात. त्यांच्याजवळ बाहेर येऊन बसणारं कोणी नसतं.

मेंढवाडा

कंदील, हे पुढच्या सेवकसभेत मांडतो. रुथताई, एक विचारू का? मदत घेणाऱ्यांच्या बाजूने आम्हा सेवकांना दोन शब्द सांगायचे असतील तर काय सांगाल? नावगाव न घेता वाचून दाखवेन.

रुथ_घरची

पाळकसाहेब, दोनच गोष्टी.

येण्याआधी विचारा. काय हवंय हे आम्हाला माहीत असतं. आम्हाला कागद लावायला माणूस हवा होता आणि घरात फळांच्या टोपल्या साठत होत्या.

आणि आमच्याकडूनही घ्या. त्या पहिल्या कुटुंबात मध्यंतरी आजारपण आलं. मी कळवलं की रात्री थांबायला येते, मला रुग्णाजवळ बसायची सवय आहे. त्यांनी नको म्हटलं, अगदी ठामपणे. योहान १३ मध्ये पेत्र म्हणतो ना, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, तसंच. प्रभूने त्याला काय उत्तर दिलं ते तुम्हाला ठाऊकच आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. कागद लावणाऱ्या बाईंना मात्र मी एकदा विचारलं की तुमच्यासाठी काय करू, तर त्यांनी लगेच सांगितलं की त्यांच्या आईचे विम्याचे कागद घेऊन कार्यालयात जायचंय आणि त्यांना सुट्टी मिळत नाहीये. मी गेले. तिथल्या रांगेत उभं राहून सगळं काम करून आले. पतीच्या आजारपणापासून घेणारी म्हणूनच सगळीकडे ओळखली गेलेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडले. त्यांनी मला दिलेल्या सगळ्या मदतीत हीच मला सर्वात मोठी वाटते. तुमच्या सेवकांच्या यादीत आमच्यासारख्यांचीही नावं घाला, आणि माझं आजच घाला. रात्री रुग्णाजवळ थांबायला मी येऊ शकते, शनिवार सोडून.